कुलूपकाकाचं शेवटचं वाक्य

संध्या वहिनींचा फोन आला तेव्हा माइक माझ्या हातात होता. समुद्रपूरच्या बसस्टँडवर मी वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि कोणती गाडी कुठे लागली ते लोकांना सांगायचं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. जाममार्गे वर्ध्याला जाणारी गाडी नुकतीच लागली होती आणि माणसं तिच्यासाठी केव्हाची ताटकळली होती. मी डाव्या हातानं फोन कानाला लावला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी "हो" म्हणालो. फोन ठेवला, बटण दाबलं आणि नेहमीसारखा बोललो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जाममार्गे वर्ध्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." आवाज कुठे कापला नाही, अडखळला नाही. मला त्याचा आजही राग येतो. लहानपणापासूनचा दोस्त गेल्याचं कळल्यावर माणसाचा आवाज निदान थोडा चिरकावा तरी... पण माझा आवाज मुळातच असा सपाट आहे, आणि त्या सपाटपणासाठीच तर त्या दोस्तानं, मिलिंदनं, मला धरलं होतं.

तुमच्या घरी शाळेत जाणारं लेकरू असेल तर कुलूपकाका कदाचित तुम्हाला ठाऊक असेल. मोबाइलवर पाच-सहा मिनिटांचे भाग यायचे त्याचे. हातानं काढलेली, हलती चित्रं. एका गावात एक म्हातारा येतो. स्वच्छ धोतर, काळा कोट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पण चालताना त्या किल्ल्या वाजत नाहीत. तो कोणाला मारत नाही, पळवून नेत नाही. फक्त कुलपं लावतो. आधी विहिरीला, मग शाळेच्या मैदानाला, मग कोणाच्या गाण्याला, कोणाच्या हसण्याला. आणि दर वेळी विचारून लावतो. "हरवेल ना, बाळ. मी जपून ठेवतो. लावू का?" माणसं आपणहून हो म्हणतात. गाव मुकं होत जातं आणि चिमी नावाची एक पोरगी त्याच्या मागे लागते. ही गोष्ट लिहिली, काढली, हलती केली ती मिलिंदनं, वर्ध्याला नालवाडीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत. चिमीचा आवाज त्याच्या बायकोचा, संध्या वहिनींचा. कुलूपकाकाचा आवाज माझा. चौथं माणूस त्या कारखान्यात नव्हतं.

सहावीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. मिलिंदच्या वह्यांचे खालचे उजवे कोपरे कायम काळे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बारीक माणूस काढायचा आणि मग अंगठ्यानं पानं सरसर सोडायचा, की तो माणूस चालायला लागे. बाकीची पोरं तसला माणूस पळवायची, कुस्ती खेळवायची. मिलिंदचा माणूस चालत यायचा, थांबायचा आणि तुमच्याकडे बघायचा. बस. त्या बघण्याची मला भीती वाटायची आणि तरी मी पुन्हा दाखव म्हणायचो. गणिताच्या मास्तरांनी एकदा वही जप्त केली, आणि स्टाफरूमच्या खिडकीतून आम्ही पाहिलं तर मास्तर स्वतःच पानं सोडत बसले होते. चारदा-पाचदा. मिलिंद म्हणाला, "पाह्य, त्यायलेबी सोडवत नाई."

पुढे तो नागपूरला चित्रकलेचं शिकला, मग हैदराबादेत एका कंपनीत काही वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टींची चित्रं काढली, आणि तिथं त्याच्या वाट्याला नेहमी खलनायकच यायचे. मी विचारलं, काऊन बे, तुझ्या चेहऱ्यात तसं काही दिसतं का त्यांना? तर म्हणाला, "हिरो कोनीबी काढते. हिरो पयते, उडते, त्याच्यात चुका झाकून जाते. व्हिलनले उभं राह्याचं असते. उभा मानूस काढनं लय कठीन." हे मला तेव्हा पटलं नव्हतं. नंतर तो वर्ध्याला परतला आणि त्याच्या टेबलाशी बसून पाहिलं तेव्हा कळलं. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावर एकावर एक कागद. एका सेकंदाला बारा चित्रं. माणूस नुसता उभा असेल तर एकच चित्र धरून ठेवलं की झालं, असं मला वाटे. मिलिंदनं तसं करून दाखवलं, आणि खरंच, पडद्यावरचा माणूस त्या क्षणी मेल्यासारखा दिसला. मग त्यानं तेच चित्र पुन्हा पुन्हा, केसाएवढ्या फरकानं काढलेलं दाखवलं. आता तो माणूस उभाच होता, पण श्वास घेत होता. "आता भेव वाटते का नाई?" म्हणाला. वाटत होतं.

पापणीचंही तसंच. आपली पापणी आपल्या मर्जीनं लवत नाही, ती आपली लवत राहते. चित्रातल्या माणसाची मात्र मिलिंदनं ठरवल्याशिवाय लवत नाही. कुलूपकाकाची पापणी एका भागात एकदाच लवायची, आणि तीसुद्धा समोरचा माणूस "लावा" म्हणाल्यावर. लाल डोळे नाहीत, सुळे नाहीत, गडगडाटी हसणं नाही. हसण्यावरून तर तो फार चिडायचा. व्हिलननं हसलं म्हणजे त्याला आपण व्हिलन असल्याचं ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला काय भ्यायचं, असं त्याचं म्हणणं. आपण चांगलंच करतोय याची ज्याला पक्की खात्री आहे तो माणूस दारात आला की पळता येत नाही. हे तो मला चहाच्या टपरीवर, मोटरसायकलवर मागे वळून सांगायचा. मी म्हणायचो, पुढं पाह्य, मरशील.

चार वर्षांपूर्वी तो समुद्रपूरला आला आणि अर्धा तास माझ्या खोलीत गप्प बसून राहिला. मी गाड्या पुकारत होतो. मग म्हणाला, "दिवाकर, तुह्या आवाज मले पाह्यजे." मला हसू आलं. मी नाटकात कधी काम केलेलं नाही, मला गाता येत नाही, घरात बायको म्हणते तुम्ही जेवायला वाढ म्हणता तेही फलाट क्रमांक सांगितल्यासारखं. तो म्हणाला, तेच पाहिजे. गाडी सुटली काय आणि रद्द झाली काय, तुझ्या आवाजाला फरक पडत नाही. लोक घाईत असतात, लेकरं रडत असतात, आणि वरून तू शांतपणे सांगतोस, कृपया. "त्या 'कृपया'चं मले लहानपणापासून भेव वाटते," असंही म्हणाला. लहानपणी मी कुठे कृपया म्हणत होतो, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

ते कळलं गिरडला. पहिला भाग करायच्या आधी तो म्हणाला, चल, टेकडीवर जाऊ, डोकं मोकळं होतं. दर्ग्याच्या पायऱ्या चढून आम्ही वर सावलीत बसलो. खाली शेतं, लांबवर रस्त्यावर एक लाल गाडी सरकत होती आणि ती कितीची असेल याचा मी सवयीनं हिशेब करत होतो. मिलिंद म्हणाला, "तुह्या आजा याद आहे का तुले?" मला आठवत नसेल असं कसं? माझे आजोबा गावात गोड माणूस म्हणून प्रसिद्ध होते. आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही. मिलिंद म्हणाला, "मी दर रईवारी तुह्या घरी येत होतो. आजा ओसरीवर बसला राहे. मले पाहून खुश होये. म्हने, ये रे बाबू, बस इथं, आत गरम होते, तुले ऊन लागन. गूळ दे, फुटाने दे. माह्या चित्राची वही पाहे. अन् तू बलावाले आला का हातानं हळूच दार ओढून घे. पाच वर्षं, दिवाकर. मी तुह्या घराची दुसरी खोली पाह्यली नाई."

मिलिंद बौद्धपुऱ्यातला. आमच्या घरचा उंबरठा त्याच्यासाठी कुठे संपायचा हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ठाऊक होतं, पण ते कधी कोणी शब्दात बोललं नव्हतं, म्हणून मी ते नसल्यासारखं धरून चाललो. खरं सांगतो, मला आधी वाईट वाटलं नाही, राग आला. चाळीस वर्षांनी काढायची गोष्ट आहे का ही? मी तसं म्हणालोही. तो शांत होता. म्हणाला, "अबे, मी तक्रार नाई करून राह्यलो. मले त्याची ओढ होती. माह्या बाप वही फेकून दे, तुह्या आजा एकेक पान पाहे. मी कोनासाठी येत होतो, तुह्यासाठी? तू तं गोट्या खेयाले पयून जाये." मग म्हणाला, "ज्याचं भेव वाटते अन् ज्याच्याकडं पुन्हा जावं वाटते, तो एकच मानूस असते. मले तोच काढाचा हाये. अन् तुह्या आवाजात त्याचा आवाज हाये." उतरताना मीच म्हणालो, केव्हापासून सुरू करायचं ते सांगजो.

रेकॉर्डिंग म्हणजे शिक्षा होती. मागच्या खोलीत चारही भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या केलेल्या, खिडकीवर गादी, दाराला गादी, कूलर बंद, पंखा बंद. वर्ध्याचा मे महिना आणि मी बनियनवर बसून सज्जन म्हाताऱ्याचं बोलतोय. वहिनी बाजूला मशीनवर. मिलिंद डोळे मिटून ऐकायचा. एका "लावू का?"साठी त्यानं माझ्याकडून सत्तावीस वेळा बोलवून घेतलं होतं. भीती घालू नकोस, म्हणायचा, त्याला खरंच वाटतंय की हरवेल, काळजीनं विचार. आवाज झाला की मग तो ओठ काढायला बसायचा. आधी आवाज, मग तोंड, हा नियम. माझं प्रत्येक अक्षर कुठे सुरू होतं, कुठे संपतं, याचा तक्ता करून त्याप्रमाणे कुलूपकाकाचे ओठ. त्यामुळे माझ्या बोलण्याची खोड त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ झाली होती. मी "र"च्या आधी किंचित थांबतो, हे मला त्यानं सांगितलं.

प्रत्येक भागाच्या शेवटी कुलूपकाका एकच वाक्य म्हणायचा. चिमीनं त्याला हुसकावलेलं असायचं, तो कोट झटकायचा, किल्ल्या नीट करायचा आणि म्हणायचा, "बरं. येतो मी." झालं. आपल्याकडे घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. चांगला शब्द. लहानपणापासून कानावरचा, घरोघरचा. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडी तो ऐकून पोरांच्या अंगावर काटा यायचा, कारण तो खरंच येणार असायचा. एका आईनं मिलिंदला सांगितलं, आमच्याकडे पाहुणे निघाले आणि येतो म्हणाले, तर बारकी पोरगी पलंगाखाली शिरली. मिलिंद हे ऐकून इतका खूश झाला की त्या दिवशी त्यानं मला समोसे खाऊ घातले. एरवी त्या बाबतीत त्याचा हात आखडता.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. एका दुपारी स्टँडवर माझ्या खोलीच्या काचेशी एक पोरगी येऊन उभी राहिली. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या. माझा आवाज भोंग्यावर ऐकून तिनं ओळखलं होतं. अशी पोरं-पोरी यायची अधूनमधून, मला पाहून पळायची. ही पळाली नाही. भीत होती, ओठ दाबून धरले होते, पण आली. म्हणाली, "तुमी कुलूपकाका आहे का?" मी म्हटलं, आहे. ती खाली बघत म्हणाली, "माह्या बाबाले कुलूप लावता का? ते पुन्यात कामाले जाऊन राह्यले. मंग येतच नाई लवकर." बाहेर बॅग घेऊन तिचा बाप उभा होता, गाडी लागायची वाट पाहत. ती गाडी मलाच पुकारायची होती. मी पुकारली. दुसरं काय करणार होतो?

हे मी मिलिंदला फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पाह्यलं का? भेव वाटत असूनबी आली ते. कारन त्याच्यापाशी तिले पाह्यजे ते हाये. आपल्याले सगळ्यायलेच ते कुलूप पाह्यजे असते, दिवाकर. आपल्या मानसाले लावाले." त्यानंतर त्यानं मालिकेचा शेवट बदलला. आधी चिमी कुलूपकाकाला हरवणार होती. आता ठरलं की कुलूपकाका स्वतःच शेवटचं कुलूप उघडणार. आत काय आहे, तर एक रिकामी खोली, एका लेकराची टोपी. त्याचं लेकरू एकदा दार उघडं राहिलं म्हणून हरवलं होतं आणि तेव्हापासून तो कुलपं लावत फिरतोय. टोपी उचलून तो दारात येतो आणि चिमीला पहिल्यांदाच आपल्या गावच्या बोलीत बोलतो, भोंग्यावरच्या मराठीत नाही. मिलिंदनं ते वाक्य मला कागदावर लिहून दिलं. "दार लावू नोको, पोरी. जातो मी."

कागद हातात पडला त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या पोटाच्या तपासण्यांचे निकाल आले होते. कर्करोग होता, आणि पसरलेला. डॉक्टरांनी महिन्यांत बोलायला सुरुवात केली होती, वर्षांत नाही. मी नालवाडीला गेलो तर हा टेबलाशी बसलेला, पाठीला उशी लावून. म्हणाला, चल, एक वाक्य आहे, घेऊन टाकू. मी ते वाचलं आणि कागद परत ठेवला. म्हणालो, "हे मी नाई बोलनार. तुह्या घरात बसून, तुह्यासमोर, 'जातो मी'? डोकं ठिकानावर हाये का तुह्या?" तो हसला. तसला काही मानणाऱ्यातला तो नव्हताच. म्हणाला, "अबे, शब्दानं मानूस मरते का?" मी म्हटलं, मरत नसेल. पण मी नाही म्हणणार. 'येतो' कर, आत्ता घेतो. तो म्हणाला, 'येतो' म्हटलं तर सगळ्या मालिकेची माती होईल, ज्यानं जन्मभर येतो म्हटलं त्यानं एकदा जातो म्हणायचं आहे, त्यासाठीच तर एवढं केलं. आम्ही भांडलो. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी तो म्हणाला, "तूच कुलूपकाका झाला बे." आणि खोकल्यामुळे त्याला पुढे बोलता आलं नाही.

मग मी टाळायला लागलो. पुढच्या रविवारी येतो. ड्यूटी लागली. घसा बसला आहे. गावात लग्न आहे. खरं म्हणजे मी जात होतो, दर आठ-दहा दिवसांनी, फळं घेऊन, पण रेकॉर्डिंगचं नाव निघालं की कारण तयार असायचं. माझ्या मनात काय होतं ते आता उघड सांगतो, हसायचं तर हसा. मला वाटत होतं की ते वाक्य बाकी आहे तोवर मिलिंद जाणार नाही. त्याचं काम अर्धं राहिलंय, आणि अर्धं काम टाकून जाणाऱ्यातला तो नव्हता. मी शिकलेला माणूस आहे, सरकारी नोकरीत आहे, वेळापत्रकावर माझं आयुष्य गेलं. तरी मी हे धरून बसलो होतो. तोही मग बोलेनासा झाला. शेवटच्या भेटीत तर त्यानं विषयच काढला नाही. टेबलाशी बसला होता, कागदावर काहीतरी चाललं होतं, हात थरथरत होता. मी काय काढतोस विचारलं तर कागद उलटा केला. म्हणाला, "तुह्या गाड्या वेळेवर सुटते का आजकाल?" मी म्हटलं, सुटतात. निघताना मी दारातून नेहमीसारखं येतो म्हणालो. त्यानं मान हलवली. नऊ दिवसांनी वहिनींचा तो फोन आला.

अंत्ययात्रेत, नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, लोक येऊन मला सांगत होते की तुम्ही त्यांचे फार जवळचे. मी हात जोडत होतो. त्याची शेवटची एक इच्छा होती, एका वाक्याची, सहा शब्दांची, आणि ती मी पुरी केली नाही, हे कोणाला ठाऊक नव्हतं. वहिनींना ठाऊक होतं. त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत होत नव्हती. मी घरी आलो आणि महिनाभर नालवाडीच्या दिशेला फिरकलो नाही. गाड्या पुकारताना आवाज पहिल्यासारखाच येत होता, त्याचा आणखी राग.

मागच्या पंधरवड्यात वहिनींनीच फोन केला. "भाऊजी, तुमची सुटी कधी हाये? तो भाग पुरा झालेला हाये. फक्त आवाज नाई." मला कळेना. आवाज नसताना पुरा कसा होईल, ओठ कोणत्या आधारावर काढणार? मी गेलो. भिंतींना गाद्या तशाच होत्या. वहिनींनी पडद्यावर चित्र सुरू केलं. कुलूपकाका टोपी घेऊन दारात येतो आणि त्याचे ओठ हलतात. आवाज नाही, पण मला दिसलं, ते ओठ माझे होते. "र"च्या आधीचं थांबणंसुद्धा होतं. "पोरी"पाशी वहिनींनी चित्र थांबवलं. मी बोलणार नाही हे ओळखून त्यानं तोंड आधी काढून ठेवलं होतं. न बोललेलं वाक्य मी कसं बोललो असतो ते त्यानं मनात ऐकलं होतं. मी वहिनींना म्हणालो, वहिनी, मला माफ करा. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या. बसा माइकपाशी." आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मी बसलो. कागद समोर धरला, खरं तर त्याची गरज नव्हती. वहिनींनी चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि बोटानं खूण केली. "दार लावू नोको, पोरी," मी म्हणालो, आणि घसा बंद झाला. इतक्या दिवसांत जो आवाज एकदाही हलला नव्हता तो आता फुटेना. डोळ्यांतून पाणी, पुढचे दोन शब्द दातांच्या आत. थांबवा म्हणून मी वहिनींकडे हात केला. त्यांनी मशीन थांबवली नाही, नुसती पडद्याकडे मान वळवली. मी पाहिलं. कुलूपकाकाही थांबला होता. एक हात चौकटीला, मान खाली. घाई नव्हती त्याला काहीच. खांदे बारीक वरखाली होत होते. त्यानं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं, आणि मीही माझं पुसलं. मग त्यानं मान वर केली, श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं.

"जातो मी," मी म्हणालो.

वहिनींनी मशीन बंद केली. मग त्या म्हणाल्या, "हे थांबनं पह्यले नव्हतं, भाऊजी. शेवटच्या महिन्यात टाकलं यायनं. हात उचलत नव्हता. मी म्हनलं, नुसता उभाच तं हाये तो, एकच चित्र धरून ठेवा. तं म्हने, नाई. दिवाकर तिथं अडकन. तितका वेळ त्याच्यासंगं कोनीतरी जितं उभं पाह्यजे."

सात सेकंदं आहेत ती. म्हणजे चौऱ्याऐंशी चित्रं, वहिनींनी मला कागद दाखवले. शेवटच्या काही कागदांवर रेघ दोनदा-दोनदा ओढलेली आहे, पहिली सरकली म्हणून. हा भाग आता पोरांच्या मोबाइलवर पोचला आहे. त्या जागी गोष्टीत काहीच घडत नाही, तेव्हा पोरं बहुतेक ती पुढे ढकलत असतील. मी जेवणाच्या सुटीत तेवढीच लावून पाहतो, आवाज बंद करून.